एचओ गाड्या काचेत ठेवू की रुळांवर? आणि रूळ कोड १००, ८३ की ७५?

धुराडं

नमस्कार मंडळी,

मामांनी जमवलेल्या एचओ, म्हणजे १:८७ मापाच्या मॉडेल रेल्वेगाड्या आता माझ्याकडे आल्यात. मामा त्या चालवायचे कमी आणि पुसायचे जास्त. खोकं उघडायचं, एकेक डबा ब्रशने झाडायचा, दिव्याखाली धरून तळ बघायचा आणि परत आत ठेवायचा. मला मात्र त्या खोक्यात नकोत. येता-जाता दिसल्या पाहिजेत, आणि मनात आलं की एखादी हललीही पाहिजे.

मोठं टेबल मांडायला जागा नाही, आणि असती तरी घरात कुणी मांडू दिलं नसतं. बऱ्याच वाटाघाटींनंतर एक भिंत पदरात पडलीय. ३.२ मीटर लांब आणि ४० सेंटीमीटर खोल फळी. उंची अजून ठरलेली नाही.

साठा असा आहे: दोन जुनी वाफेची इंजिनं (चाकांच्या कडा चांगल्याच खोल), दोन डिझेल, एक चारचाकी शंटर (वाघिणी इकडून तिकडे हलवणारं छोटं इंजिन). चार प्रवासी डबे, मोजले तर प्रत्येकी ३०३ मिमी. आणि चारचाकी वाघिणी डझनाहून जास्त, साधारण १२ सेंटीमीटरच्या. खोक्याच्या तळाशी रूळही आहेत, काही पितळी काळपटलेले, काही पोलादी गंजलेले, आणि एकाची क्लिप दुसऱ्याला लागेल तर शपथ.

आता प्रश्न. काचेचं कपाट करून गाड्या त्यात मांडू की फळीवर खरे रूळ टाकू? रूळ टाकायचे तर खाली प्लॅस्टिकची खडी असलेले, खटकन जोडायचे घेऊ की फ्लेक्स ट्रॅक, म्हणजे हवा तसा वाकवून कापता येणारा लांब रूळ? आणि कोड १००, ८३, ७५ यावर जितकं वाचते तितका गोंधळ वाढतो. शंटरचं आणखी एक दुखणं आहे. जुन्या सांध्यावर, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते तिथे, तो हमखास बंद पडतो, बोटाने ढकलला की पुढे जातो.

गोलचक्कर

कपाटाच्या भानगडीत पडू नका. गाड्या धावण्यासाठी असतात. एक लंबगोल टाका, एक इंजिन, चार डबे, आणि बघत बसा. पहिल्या दिवशीच मजा सुरू. प्लॅस्टिकची खडीवाले रूळ घ्या, तासाभरात काम होतं.

सांधेवाला

गोलचक्कर, ४० सेंटीमीटरच्या फळीवर लंबगोल कुठे बसवणार? ब्रिटिश सेट-ट्रॅकमधलं (ठरावीक मापाच्या तयार तुकड्यांचे रूळ) सगळ्यात घट्ट वळण ३७१ मिमी त्रिज्येचं. म्हणजे रुळाच्या मध्यापासून मध्यापर्यंतच ७४ सेंटीमीटर झाले, वर कडेची जागा. आणि त्यावर ३०३ मिमीचे डबे? वळणावर डब्याचा पोटाचा भाग आत आणि टोकं बाहेर जातात, जवळ जोडलेले असतील तर बफर (डब्याच्या टोकाचे धक्के झेलणारे दांडे) एकमेकांत अडकून डबा उचलला जातो. वळणाची त्रिज्या सगळ्यात लांब डब्याच्या निदान तिप्पट असावी, असा आमचा ठोकताळा. इथे ती ९१ सेंटीमीटर होते. अडीचपटीवर गाडी धावते पण खेळण्यासारखी दिसते. बघायला सुंदर हवी असेल तर पाचपट धरा.

ताई, तुमच्या जागेत गोल नाही. लांब पट्टी आहे, आणि ती वाईट गोष्ट नाही.

तुम्ही रुळांपासून सुरुवात केलीत, मी उंचीपासून करेन. फळी किती उंच लावणार, यावर रूळ कोणते घ्यायचे हे बरंचसं ठरतं, आणि याबद्दल कुणी बोलत नाही. डोळ्यांच्या पातळीवर गाडी ठेवली की ती खरी वाटते, कारण खरी गाडीही आपण फलाटावरून बाजूनेच बघतो. पण त्या उंचीवर रुळाची बाजू सरळ डोळ्यांत भरते. कोड म्हणजे रुळाची उंची, इंचाच्या हजारांश भागांत. कोड १०० म्हणजे २.५४ मिमी, ८३ म्हणजे २.१, ७५ म्हणजे १.९. एचओचं माप १:८७, म्हणून आता ८७ ने गुणा. कोड १०० चा रूळ खऱ्या जगात २२१ मिमी उंच होईल. युरोपातला जड मुख्य मार्गाचा यूआयसी ६० रूळ १७२ मिमीचा असतो, म्हणजे मॉडेलमध्ये जेमतेम २ मिमी. वरून बघाल तर हा अर्धा मिमी कळत नाही. समोरून, डोळ्यांच्या रेषेत, वाघिणीच्या चाकाखाली तो जाडजूड पट्टा लगेच कळतो.

उलट फळी छातीच्या उंचीवर असेल, साधारण १.१ ते १.२ मीटर, तर तुम्ही थोडं वरून बघता. फळीवरचे सगळे रूळ एकदम दिसतात, हात पोचतो, वाघिणी सोडवता-जोडवता येतात. अशा वेळी कोड १०० घेतला तरी काही बिघडत नाही. रुळाच्या बाजूला गंजाचा तपकिरी रंग द्या, माथा तेवढा पुसून घ्या. चकाकी गेली की रूळ डोळ्याला निम्मा लहान वाटतो.

आधी एवढं सांगा: बघायच्या जास्त आहेत की हलवायच्या जास्त?

रूळमोजणी

सांधेवाल्यांशी निम्मा सहमत. रंगाने फरक पडतो, मान्य. पण नवीनच घ्यायचे तर मुद्दाम जाड का घ्यावे? माझी सगळी पट्टी कोड ७५ वर आहे आणि फोटो काढताना त्याचं सुख कळतं.

अडचण फक्त जुन्या चाकांची. तुमच्या वाफेच्या इंजिनांच्या चाकांची कड खोल असेल, तर ठेंगण्या रुळावर ती स्लीपरवरच्या खिळ्यांना घासत जाते. टकटक असा बारीक आवाज येतो आणि इंजिन हलकं उसळत चालतं. एनएमआरए या अमेरिकी मॉडेल-रेल्वे संघटनेच्या आरपी-२५ प्रमाणाची नवी चाकं असली तर कड ०.६४ मिमी, तिला कुठेच त्रास नाही. युरोपीय प्रमाणात ती १.२ मिमीपर्यंत चालते, आणि मामांच्या काळातल्या गाड्या त्याहूनही खोल असू शकतात. सगळा माल घेण्याआधी कोड ७५ चा एक तुकडा आणा आणि इंजिन त्यावरून हाताने हळू ढकलून बघा. कान लावून. सांध्यातूनही ढकला, कारण तिथली खाच उथळ असते.

धुराडं

सांधेवाले काका, प्रामाणिक उत्तर: बघायच्या जास्त. पण एक टोक ते दुसरं टोक नुसतं नेणं-आणणं दोन दिवसांत कंटाळवाणं होईल, नाही का?

सांधेवाला

होईलच. म्हणून नुसतं नेणं-आणणं करायचंच नाही. शंटिंग करायचं.

इंग्लंडच्या अ‍ॅलन राइट यांची इंगलनूक नावाची मांडणी आहे, अगदी छोटी. तीन रूळ आणि दोन सांधे. एका रुळावर ५ वाघिणी मावतात, उरलेल्या दोहोंवर ३-३, आणि पुढच्या आखूड रुळावर इंजिन अधिक ३. एकूण वाघिणी ८. त्यातल्या कुठल्याही ५ चिठ्ठ्या टाकून काढायच्या आणि चिठ्ठ्यांच्याच क्रमाने गाडी लावायची. क्रमासकट ६,७२० प्रकार होतात, त्यामुळे कंटाळ्याचा प्रश्न निकालात निघतो. जागा इतकी मोजून-मापून दिलेली असते की एक वाघीण चुकीच्या रुळावर गेली की पुढच्या चार हालचाली फुकट जातात. चारचाकी शंटरला याहून योग्य काम नाही.

तुमच्या मापात बसवून बघू. शंटर १२ आणि तीन वाघिणी ३६, झाले ४८ सेंटीमीटर. पेको या ब्रिटिश कंपनीच्या स्ट्रीमलाइन मालिकेतला मध्यम सांधा २१९ मिमी लांब, असे दोन, म्हणजे ४४. सांध्यापुढे शेजारच्या वाघिणींना धक्का लागू नये म्हणून १५ सोडा. पाच वाघिणींचे ६०. पावणेदोन मीटरच्या आत सगळं आलं. भिंतीचा जवळजवळ दीड मीटर अजून शिल्लक आहे. तो रूळ लांबवून भरण्याचा मोह टाळा. पाचाच्या रुळावर सहा वाघिणी मावल्या की कोडं मरतं. रूळ पुढे न्यायचाच असेल तर बफर-स्टॉप (रूळ संपवणारा अडसर) मधेच लावा.

आता प्रवासी डबे. ते या खेळात नाहीत, ते बघायचे. फळीच्या मागच्या कडेला, भिंतीलगत, पुढच्या रुळांपेक्षा ६-७ सेंटीमीटर उंच असा एक सरळ रूळ टाका, टोकापासून टोकापर्यंत. ३०३ चे चार डबे आणि दोन मोठी इंजिनं त्यावर आरामात उभी राहतील आणि पुढच्या वाघिणींच्या डोक्यावरून दिसतील. त्या रुळाला वीज द्यायची नाही आणि खालच्या रुळांना जोडायचाही नाही. जोडायला गेलात तर चढ आला. दोन टक्के चढाने ६ सेंटीमीटर चढायला ३ मीटर लागतात, म्हणजे आख्खी भिंत त्यातच गेली.

मामांचे पितळी आणि पोलादी रूळ इथे लावा. पितळेवर चढणारा थर वीज अडवतो, पोलाद गंजतं, म्हणून धावत्या रुळांना दोन्ही नकोत. पण नुसतं उभं राहायला ते उत्तम. गंज घासून, रंग देऊन टाका. क्लिप जुळत नाहीत तर कापून टाका, तिथून वीज जाणारच नाहीये. जुनी इंजिनं त्यांच्या काळातल्या रुळांवर उभी राहतील, आणि खोल कडांचा प्रश्नही आपोआप मिटेल.

धावत्या भागाला निकेल सिल्व्हरचे रूळ. नावात चांदी आहे, आत नाही. तांबं, निकेल आणि जस्त.

खटकन जोडायच्या रुळांबद्दल. काटोचा युनिट्रॅक, मार्कलिनचा सी-ट्रॅक, बाखमनचा ई-झेड, सगळे आपापल्या जागी चांगले आहेत. ज्याला जमिनीवर मांडून संध्याकाळी उचलायचे असतात त्याच्यासाठी ते बनवलेत. कायमच्या फळीवर त्यांचा फायदा निघून जातो आणि तोटे राहतात: ठरावीक लांब्या, ठरावीक कोन, आणि एका कंपनीची क्लिप दुसरीला चालत नाही. मार्कलिनचा तर मधून वीज घेणारा तीन-रुळी कारभार. तुमच्या एखाद्या इंजिनाच्या पोटाला लांब धातूची पट्टी दिसली तर ते त्या कुळातलं, दोन-रुळी मार्गावर ठेवू नका. वाघिणींचीही एकदा मल्टिमीटरने परीक्षा घ्या. एका आसावरच्या दोन चाकांमधून वीज जात असेल तर ती वाघीण रुळावर ठेवताक्षणी शॉर्ट होणार.

म्हणून माझं मत फ्लेक्स ट्रॅक आणि दोन बरे सांधे. पैसे सांध्यांवर घाला, रुळांवर नको. शंटर जिथे अडतो ना, तिथेच ही गोष्ट आहे. दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या टोकाला फ्रॉग म्हणतात. तुमच्या जुन्या सांध्यात तो प्लॅस्टिकचा असणार. चारच चाकं, म्हणजे प्रत्येक बाजूच्या रुळावरून वीज घ्यायला दोनच. एक चाक प्लॅस्टिकवर आलं आणि दुसऱ्याखाली जरा धूळ असली की खेळ खलास. विजेचा फ्रॉग असलेला सांधा घ्या. सांधा फिरला की फ्रॉगची वीजही बदलली पाहिजे, ते काम एका छोट्या स्विचने होतं. पेकोच्या इलेक्ट्रोफ्रॉग सांध्यांपुढे आतल्या दोन रुळांना प्लॅस्टिकचे जोड घालायला विसरू नका, नाहीतर शॉर्ट. युनिफ्रॉग प्रकारात ही कटकट कमी केलीय, फ्रॉग लहान आहे आणि वायर हवी तर जोडा. तुमच्या शंटरसाठी जोडाच.

आणि मध्यम सांधा मुद्दाम सांगितला. त्याची त्रिज्या ९१४ मिमी, लहानाची ६१०. उद्या एखादा ३०३ चा डबा खाली आणावासा वाटला तर मध्यम त्याला सांभाळून घेईल.

काचकपाट

ताई, मी गाड्या चालवत नाही, फक्त मांडतो. त्यामुळे तेवढंच बोलतो.

मागचा उंच रूळ ही सांधेवाल्यांची कल्पना चांगली आहे, पण उघड्यावर नको. पुढून अ‍ॅक्रिलिकची किंवा काचेची सरकती पट्टी बसवा आणि दोन पट्ट्यांमधल्या फटीत ब्रशची किनार लावा. धूळ झाकणावर कमी आणि फटीतून जास्त येते. खिडकीतून थेट ऊन पडत असेल तर ती भिंतच बदला. लाल रंग आधी फिकटतो, पांढरं प्लॅस्टिक पिवळं पडतं, आणि दोन्ही परत येत नाहीत. दिवा एलईडीचा, वरून आणि पुढच्या कडेला. मागे लावलात तर गाड्यांच्या नुसत्या काळ्या आकृत्या दिसतील. मागे आरसा लावायचं कुणी सुचवेलच. दुकानात ठीक, घरात गाड्यांऐवजी आपलंच तोंड दिसतं.

मामांची खोकी फेकू नका, पण आतला फोम आजच काढा. जुना फोम भुगा होतो आणि चिकट होऊन रंगाला धरतो. बुडबुड्यांचं प्लॅस्टिकही थेट गुंडाळू नका, रंगावर गोल वळ उमटतात. आम्लरहित पातळ कागद सगळ्यात बरा.

इंजिनांच्या काही चाकांवर रबरी पट्टा असतो. एकाच जागी वर्षानुवर्षं उभं राहिलं की तो चपटा होतो, आणि मग इंजिन चालवलं की लंगडतं. तळाला आधार देऊन चाकं रुळाच्या जरा वर ठेवता आली तर छान, नाहीतर अधूनमधून फिरवत जा. डब्यांत दिव्यांसाठी सेल असतील तर काढून टाका.

जुन्या इंजिनांचं एकदा भिंगाखाली निरीक्षण करा. जस्ताच्या ओतीव भागावर बारीक तडे, फुगवटा, चौकट किंचित वाकलेली, असं दिसलं तर तो झिंक पेस्ट, म्हणजे जस्ताला लागणारी कीड. ओतताना धातूत शिशासारखी भेसळ राहिली की तो आतून फुटत जातो, दमटपणाने वेग वाढतो. यावर इलाज नाही. शेजारच्या गाडीला लागण होते ही मात्र अफवा. असं इंजिन कोरड्या जागी ठेवा, चालवू नका, आणि उचलताना त्या भागावर जोर देऊ नका.

धुराडं

भिंग घेऊन बसले होते. एका वाफेच्या इंजिनाच्या चौकटीत तडे आहेत, सिलिंडरच्या मागे, केसाएवढे. ते वरच्या रुळावर कायमचं. दुसरं स्वच्छ आहे. पोटाला पट्टी कुणाच्याच नाही. मल्टिमीटरने दोन वाघिणी बाद केल्या, त्याही वर जातील.

उंची १.१५ मीटर ठरवली. धावते रूळ कोड १००, कारण कोड ७५ च्या तुकड्यावर धडधाकट इंजिन ढकललं तर रूळमोजणी म्हणतात तसा टकटक आवाज आलाच, आणि ते कधीतरी खाली चालवायचंय. फळी मात्र प्लायची आहे. रूळ खिळ्यांनी ठोकू की चिकटवू?

रूळमोजणी

चिकटवा. खिळा जरा जास्त बसला की स्लीपर मधे दबतो, दोन्ही रूळ आत झुकतात आणि त्यांच्यामधलं १६.५ मिमीचं अंतर कमी होतं. डोळ्याला दिसत नाही, पण वाघीण तिथेच उतरते. पांढरा गोंद पातळ पसरा, रूळ ठेवा, लांब पट्टी लावून सरळ रेषा डोळ्याने बघा, आणि वर वजन ठेवून रात्रभर सोडा. सांध्यांखाली गोंद नको, त्यांना शेजारच्या रुळांनी धरून ठेवू द्या. हलणाऱ्या पात्यांत गोंद गेला की सांधा गेला.

फ्लेक्स कापल्यावर टोकाला राहणारी धारदार कड कानशीने काढा. शेवटचे दोन स्लीपर कापून बाजूला ठेवा म्हणजे जोड सरकवायला जागा होते, नंतर तेच स्लीपर खालून तासून परत सरकवा. तेवढा कंटाळा केलात तर प्रत्येक जोडापाशी दोन दात पडल्यासारखं दिसेल.

जोडांमध्ये कागदाच्या जाडीची फट ठेवा. रुळापेक्षा लाकूडच ऋतूप्रमाणे जास्त हलतं.

सांधेवाला

वीज जोडांच्या भरवशावर सोडू नका. प्रत्येक तुकड्याला खालून आपली वायर, रुळाच्या बाहेरच्या बाजूला झाळलेली. आज जोड घट्ट असतो, रंग आणि खडी झाल्यावर नसतो.

माथा पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापड. पॉलिश पेपर नको, ओरखड्यांत घाण बसते.

आणि वाघिणी सोडवणार कशा, ते अजून कुणी विचारलं नाही. जुन्या आकड्यांची कपलिंग असतील तर तारेचा हुक पुरतो, १.१५ मीटरवर हात नीट पोचतो. केडीसारखी चुंबकावर सुटणारी लावायची असतील तर रुळांमध्ये चुंबक बसवावा लागतो, आणि आधी वाघिणींचे आस बघा. पोलादी असले तर चुंबक वाघिणीलाच ओढून पुढे नेतो. जागा तीनही रुळांच्या तोंडाशी, सांध्यापासून एक वाघीण आत. स्लीपर कापून तो खाली बसवायचा असतो, म्हणून खडी टाकण्याआधी ठरवा.